‘आपण’मध्ये कोण कोण

बाबांना न्यू जर्सीतल्या नेवार्कच्या विमानतळावर सोडून परत निघालो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. चार महिने ते आमच्याकडे होते. गाडीत अजून अमृतांजनाचा वास रेंगाळत होता, आणि मागच्या सीटवर लेक त्यांची माकडटोपी डोक्यात घालून बसली होती. निघताना त्यांनीच ती तिच्या डोक्यात अडकवली होती, ‘मुंबईत मला काय करायची’ म्हणून. टर्नपाइकवर गाड्यांच्या लाल दिव्यांची रांग लागली होती. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तिनं खिडकीबाहेर बघत विचारलं, “आई, आम्ही घरी कधी पोचणार?” मी सवयीनं म्हटलं, “आम्ही नाही गं. आपण. आपण कधी पोचणार.” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “दोन्ही म्हणजे ‘वी’च ना?”

मी उत्तर दिलं नाही. वळण चुकेल म्हणून बोलत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं कारण वेगळं होतं. तिच्या त्या ‘आम्ही’त ती होती, तिची टोपी होती, कदाचित विमानात पट्टा लावून बसलेले आजोबाही होते. गाडी चालवणारी मी तेवढी त्यात नव्हते. चूक व्याकरणाची होती हे मला कळत होतं. आठ वर्षांच्या मुलीनं ती काही मुद्दाम केली नव्हती. तरी ती रात्रभर टोचत राहिली आणि पुढं कितीतरी दिवस.

दर रविवारी सकाळी मी मराठी शाळेत शिकवते. भाड्यानं घेतलेल्या एका शाळेच्या दोन खोल्या, फळ्यावर शुक्रवारचं कुणाचं तरी गणित अजून तसंच, आणि समोर बारा मुलं. ‘मी आवडतो आंबा’, ‘माझं पाय दुखतो’, ‘आजी आला’ अशा चुका मी दर रविवारी ऐकते आणि मला त्या मनापासून आवडतात. नव्यानं चालायला लागलेलं मूल जसं टेबल धरून चालतं तसं ही मुलं इंग्रजी धरून मराठीत येतात. लिंग चुकतं, विभक्ती चुकते, ‘ळ’चा ‘ल’ होतो, पण अर्थ पोचतो. ‘आजी आला’ म्हटल्यानं आजी काही परकी होत नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ची चूक मात्र माणसाला आतून बाहेर काढते. ऐकणारा वाक्यात उभा असतो आणि एका शब्दानं तो उंबऱ्याबाहेर जातो.

आमच्या शेजारच्या खोलीत त्याच वेळी गुजराती वर्ग भरतो. मधली भिंत पातळ आहे. आमची मुलं ‘क कमळाचा’ म्हणतात तेव्हा पलीकडून ‘क कमळनो क’ ऐकू येतं, आणि कधी कधी दोन्ही वर्ग एकाच सुरात चालतात. तिथं शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे आहेत, औषधांच्या कंपनीतून निवृत्त झालेले, मूळचे माटुंग्याचे. सगळे त्यांना नुसतं भाई म्हणतात. ते मला ताई म्हणतात आणि माझ्याशी मुंबईच्या मराठीत बोलतात. मधल्या सुट्टीत थर्मासमधला चहा ओतता ओतता मी त्यांना गाडीतली गोष्ट सांगितली. त्यांनी कप खाली ठेवला. “आमच्याकडे पण तेच, ताई. पोरं सगळीकडे ‘अमे’ बोलतात. ‘आपणे’ गेलंच. मी फळ्यावर लिहून देतो, गोल काढून दाखवतो, यात तू पण आहेस, यात तू नाहीस. परीक्षेत बरोबर लिहितात. दारातून बाहेर पडले की परत ‘अमे’.”

त्यांनी फळ्यावर काढलेले गोल मी नंतर दारातून पाहिले. एका गोलात तीन ठिपके, दुसऱ्यात चार.

ही गोष्ट मराठी आणि गुजरातीत सारखीच आहे, हे घाटकोपरला वाढूनही माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. हिंदीत एकच ‘हम’ आहे. इंग्रजीचं तर विचारायलाच नको. आपल्या दोन भाषांनी मात्र ऐकणाऱ्याला धरून आणि ऐकणाऱ्याला वगळून असे दोन वेगळे शब्द ठेवले. तमिळमध्येही ते आहेत, ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’. दक्षिणेच्या शेजारानं आपल्याला ही सवय लागली असावी, असं अभ्यासक म्हणतात. पण शब्द आपण आपल्याच घरातला घेतला. संस्कृतातल्या ‘आत्मन्’चं प्राकृतात ‘अप्प’, ‘अप्पण’ झालं आणि त्याचं आपलं ‘आपण’, गुजरातीचं ‘आपणे’. म्हणजे मुळात ‘स्वतः’. ऐकणाऱ्याला आपल्यात घ्यायला शब्द हवा होता, तेव्हा भाषेनं ‘स्वतः’ हाच शब्द पुढं केला. हे कळलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून कितीतरी वेळ उभी होते. मुंबईची पोरं ‘आपुन नाय जाणार’ म्हणतात तेव्हा ‘मी नाही जाणार’ असंच त्यांना म्हणायचं असतं. शब्दाचं मूळ त्यांच्या तोंडी अजून जिवंत आहे.

भाईंनीच मला प्रबोध पंडितांचं नाव सांगितलं. गुजराती भाषाशास्त्रात त्यांचं नाव आदरानं घेतात, पण मी ते कधी ऐकलं नव्हतं, याची मला लाज वाटली. वडील पंडित बेचरदास दोशी, प्राकृताचे मोठे जाणकार. मुलगा १९२३ साली जन्मला, लंडनला राल्फ टर्नर यांच्याकडे शिकला, जुन्या गुजरातीतल्या एका जैन ग्रंथावर त्यानं काम केलं, आणि परत आला. अहमदाबादला शिकवलं, पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकवलं, पुढं दिल्ली विद्यापीठात गेले. मधल्या काळात अमेरिकेतल्या विद्यापीठांत पाहुणे म्हणून शिकवून आले. १९७५ साली, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी गेले. पण मला त्यांच्या आयुष्याच्या तारखांपेक्षा त्यांचा कान जास्त भावला. गुजरातीत ‘बार’ म्हणजे बारा, आणि ‘बहार’ म्हणजे बाहेर. लिहिताना मध्ये ‘ह’ असतो, पण बोलताना तो सुटा ऐकूच येत नाही. ‘आ’ म्हणतानाच थोडा श्वास सांडतो, एवढंच. या श्वासमिसळल्या स्वरांवर पंडितांनी १९५७ साली लिहिलं. बारा आणि बाहेर यांच्यात फक्त एका श्वासाचा फरक आहे, हे त्यांनी कानानं टिपलं.

मी ते दोन शब्द भाईंकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले. पहिल्या पाच वेळा मला काही फरक कळला नाही. सहाव्या वेळी कळला आणि अंगावर काटा आला, कारण तो श्वास मी लहानपणापासून ऐकत आले होते. घाटकोपर पूर्वेला आमच्या चाळीच्या तोंडाशी एका कच्छी काकांचं मसाल्याचं दुकान होतं. आत शिरलं की आधी हिंग, मग धण्याची भरड, मग कोपऱ्यातल्या कोकमाच्या पिंपाचा आंबट दर्प. काका मला हाकलायचे ते याच श्वासानं, “बहार रमो, बहार!” मिरचीपूड नाकात गेली की मी शिंकत सुटायचे, म्हणून. तो ‘बहार’ अजून माझ्या कानात आहे, आणि त्यात अर्धी माया होती.

याच काकांना पंडितांनी पाहिलं असावं असं मला वाटत राहतं, जरी ते शक्य नाही. त्यांनी मुंबईतल्या एका गुजराती मसाल्याच्या व्यापाऱ्याचं चित्र काढलंय, जे जगभरच्या अभ्यासकांनी नंतर पुन्हा पुन्हा वापरलं. हा माणूस घरी गुजराती बोलतो, भाजीबाजारात मराठी, दूधवाल्याशी आणि रेल्वे स्टेशनवर हिंदुस्तानी, मसाल्याच्या व्यापारात कच्छी आणि कोकणी, आणि औपचारिक प्रसंगी इंग्रजी. फारसा शिकलेला नाही, व्याकरणाचे नियम त्याला कुणी शिकवलेले नाहीत, पण एकेक भाषा त्यानं एकेका कामासाठी ठेवलीय आणि त्यातली एकही दुसरीला खात नाही. आमचे काका अगदी असेच होते. आजी दुकानात गेली की ते मराठीत म्हणायचे, “या माई, तुमच्यासाठी जिरं काढून ठेवलंय.” ती गेली की आतल्या मुलाला कच्छीत काहीतरी सांगायचे. रत्नागिरीहून कोकमं घेऊन येणाऱ्या माणसाशी त्यांची बोली ऐकून तर मी थक्क व्हायचे. तीन पिढ्या मुंबईत राहून त्यांच्या घरातली कच्छी तशीच होती. ती जपायला कुणी रविवारचा वर्ग काढला नव्हता.

पंडितांच्या सांगण्याचा गाभा हाच आहे. पुणे विद्यापीठानं १९७२ साली त्यांची व्याख्यानं छापली, भारताकडं भाषांचा एक सलग प्रदेश म्हणून बघणारी. त्यांचं म्हणणं असं, की युरोप-अमेरिकेत स्थलांतरिताची दुसरी पिढी आपली भाषा सोडते, तिथं भाषा सुटणं हा नियम आणि टिकणं हा अपवाद. भारतात उलट. इथं टिकणं हा नियम. मदुराईच्या सौराष्ट्र विणकरांचा त्यांनी अभ्यास केला. शतकांपूर्वी पश्चिमेकडून निघालेली ही माणसं, चहूबाजूंनी तमिळ, आणि घरात अजून आपली सौराष्ट्री. कुणी त्यांना ती सोड म्हटलं नाही, आणि त्यांनाही ती सोडावीशी वाटली नाही. तमिळ बाजारासाठी, सौराष्ट्री चुलीसाठी.

हे मी न्यू जर्सीतल्या माझ्या स्वयंपाकघरात वाचलं. शेजारच्या खोलीत लेक मैत्रिणीशी इंग्रजीत बोलत हसत होती. पंडितांनी दोन बाजू मांडल्या होत्या आणि मी स्वतःच्या पायांनी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चालत आले होते. त्यांचा मसालेवाला जिथं उभा होता तिथून निघून मी तिथं आले जिथं भाषा सुटणं हाच नियम आहे. त्यांचं वाक्य मला शापासारखं वाटलं नाही. डॉक्टरनं शांतपणे रिपोर्ट वाचून दाखवावा तसं वाटलं.

मार्चमध्ये एक दिवस कामानिमित्त फिलाडेल्फियाला गेले तेव्हा दुपार मोकळी होती. भाईंनी बजावून ठेवलं होतं, “पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात जाऊन याच. तिथं आमचे बाबू सुथार शिकवत होते.” सुथार म्हणजे आपल्याकडचे सुतार. कवी, कादंबरीकार, भाषाशास्त्रज्ञ, ‘सन्धि’ नावाच्या गुजराती नियतकालिकाचे संपादक, आणि अनेक वर्षं या विद्यापीठात गुजराती शिकवणारे मास्तर. दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा विभाग या विद्यापीठानं १९४८ साली काढला, अमेरिकेतला पहिला. एरवी मी तो आकडा वाचून पुढं गेले असते, पण त्या दिवशी मला आठवलं, त्याच सुमाराला आजी कोकणातून बोटीनं मुंबईला आली होती, आणि तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता.

ग्रंथालयात मी मराठी पुस्तकांच्या कपाटापाशी उभी राहिले. साठ-सत्तरच्या दशकातली मराठी पुस्तकं, जाड हिरव्या-तपकिरी बांधणीत, पानं पिवळी होऊन कडेनं तुटायला आलेली. मुंबईत जी मला कुठल्याच वाचनालयात मिळाली नसती, ती इथं ओळीनं. कारण साधं होतं आणि मला ते माहीत असायला हवं होतं. दुष्काळाच्या वर्षांत अमेरिकेनं जो गहू आपल्याला दिला, त्याचे पैसे रुपयांत भारतातच जमा व्हायचे. १९६२ पासून त्यातल्या काही रुपयांतून अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेतली आणि इथल्या विद्यापीठांना पाठवली. त्या काळात अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकऱ्यांबद्दल आई नेहमी सांगायची, लालसर, कडसर, तव्यावरच मोडणाऱ्या. रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभं राहायचा कंटाळा, आणि घरी आल्यावर निवडायचे खडे. परदेशी धान्याच्या त्याच व्यवहारातून ही पुस्तकं समुद्र ओलांडून आली होती. मी एक पुस्तक उघडून नाकाशी नेलं. मुंबईच्या पावसाळ्यातल्या कपाटाचा वास मला हवा होता. तो नव्हता. इथल्या कोरड्या, गार, वर्षभर एकसारख्या हवेत ते पुस्तक नीट जपलं गेलं होतं आणि त्याचा वास गेला होता.

त्याच मजल्यावर गुजराती पुस्तकंही होती. शिरोरेषा नसलेली ती अक्षरं मी लहानपणी दुकानांच्या पाट्यांवरून शिकले, डोक्यावरचं वस्त्र काढून ठेवलेल्या मराठी अक्षरांसारखी मला ती वाटायची. सुथारांच्या कवितांच्या एका संग्रहाचं नाव ‘घरझुरापो’. मी तिथं उभ्या उभ्या ते नाव हळू आवाजात वाचलं. झुरापो म्हणजे झुरणं. आपल्याकडं माणूस माणसासाठी झुरतो, गाय वासरासाठी झुरते, सासुरवाशीण माहेरासाठी झुरते, ‘झुरणी लागणं’ असंही आपण म्हणतो. पण घर आणि झुरणं एकत्र जोडून मराठीत असा एक शब्द मला आठवेना. घराची आठवण म्हणावं तर ती फार हलकी, घराची ओढ म्हणावं तर ती अजून चालत जाणाऱ्या माणसाची असते. झुरापो बसलेल्या माणसाचा असतो. आणि घर हा शब्द दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी. हिंदीत घर पुल्लिंगी झालं. आपण आणि गुजराती अजून ‘घर केवढं मोठं’, ‘घर केटलुं मोटुं’ म्हणतो. ‘मोठं’वरचा तो अनुस्वार आणि ‘मोटुं’वरचा अनुस्वार ही एकाच आईची मुलं आहेत. मुलांनाही आपण असंच नपुंसकात बोलतो, लेकरं, छोकरां. ज्यांना आपण सगळ्यात जपतो त्यांच्यासाठी दोघांनीही तेच लिंग ठेवलं, असं मला तरी त्या दिवशी वाटलं. भाषाशास्त्रज्ञ याला हसतील, पण मी ते वाक्य मागं घेणार नाही.

मी सुथारांना भेटले नाही, भेटायचा प्रयत्नही केला नाही. पण बाहेर, विद्यापीठाच्या आवारातल्या लोकस्ट वॉकवरच्या बाकावर बसून मी या माणसाच्या दिवसाचा विचार करत राहिले. वर्गात समोर बसलेली मुलं बहुधा गुजराती घरांतली, आजीचं बोलणं कळतं पण अक्षर वाचता येत नाही अशी. त्यांना क, ख, ग शिकवायचं. ‘अमे’ आणि ‘आपणे’ शिकवायचं. कुणाला आजीशी बोलायचंय, कुणाला लग्न करायचंय, कुणाला नुसतेच गुण हवेत. आणि घरी जाऊन त्याच भाषेत कविता लिहायची, कादंबरी लिहायची, मासिकाची पानं लावायची, जी या वर्गातलं क्वचितच कुणी वाचेल. आपल्याच भाषेतला लेखक आपल्याच भाषेच्या मुळाक्षरांचा मास्तर होतो तेव्हा त्याला काय होत असेल? मला वाटतं भाषा त्याला दोन टोकांनी दिसत असेल. एका टोकाला ती नुकती जन्मते आहे, ‘माझं पाय’ म्हणत. दुसऱ्या टोकाला ती त्याच्या लेखणीत पूर्ण वाढलेली, सगळ्या श्वासांसह. मधला जो मोठा भाग असतो, बाजाराचा, भांडणाचा, लग्नातल्या मानापमानाचा, रिक्षावाल्याशी हुज्जत घालण्याचा, तो मात्र सात समुद्रापलीकडं. लंडनला जगदीश दवे यांनी ब्रिटनमध्ये वाढलेल्या मुलांना गुजराती शिकवली, त्यांच्यासाठी पुस्तकं लिहिली. त्यांच्यापुढं तर अशीही मुलं असतील ज्यांचे आईबाप युगांडातून १९७२ साली हाकलले गेले, ज्यांच्या घरच्या गुजरातीत स्वाहिली मिसळलेली. त्यांच्यासाठी ‘घर’ या शब्दाचं उदाहरण मास्तरानं कुठलं द्यायचं?

‘सन्धि’ हे नाव मला त्या बाकावर बसून जास्तच आवडलं. मराठीत संधी म्हटलं की आधी मनात येते ती मिळालेली संधी, नोकरीची, व्हिसाची. गुजरातीत त्या अर्थी ‘तक’ म्हणतात. सन्धि म्हणजे तिथं जोड, दोन गोष्टी जिथं भेटतात ती जागा. मी इथं आले ते मराठी संधीसाठी. भाई म्हणतात, राहिलात ते गुजराती सन्धीत.

इथवर सगळं गोड वाटेल, पण मला एक गोष्ट गिळून पुढं जाता येत नाही. घाटकोपरलाच, मी दहावीत असताना, बाबांनी चाळ सोडून जवळच्या एका नव्या इमारतीत घर बघितलं. पैसे जमले होते, आईनं पडद्यांचं कापडसुद्धा बघून ठेवलं होतं. दलाल आम्हाला घेऊन सेक्रेटरींकडं गेला. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो आणि आतून मला स्पष्ट ऐकू आलं, “आपणावाळा छे?” दलाल काहीतरी पुटपुटला. मग बाहेर येऊन अतिशय नम्रपणे सांगितलं गेलं, की इमारतीत सगळे शाकाहारी आहेत, तुम्हाला आवडणार नाही. बाबा “बरं” म्हणाले आणि उठले. जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला होता, दहावीतल्या मुलीचा. आजीनं संयुक्त महाराष्ट्राचा लढा पाहिला होता, फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराची रात्र तिला आठवत होती. तिनं घरी आल्यावर एकच वाक्य उच्चारलं, ते मी इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती कच्छी काकांच्या दुकानात नेहमीसारखी गेली आणि काकांनी तिच्यासाठी काढून ठेवलेलं जिरं घेऊन आली. ती असं का करू शकली हे मला तेव्हा कळलं नाही, आजही पुरतं कळलेलं नाही.

‘आपणावाळा’ या शब्दात तोच ‘आपण’ आहे. आत्मन्‌पासून आलेला. आणि मी हे फक्त गुजरात्यांच्या नावावर लिहून मोकळी होणार नाही, कारण माझ्याच घरातल्या लग्नांच्या बोलण्यांत ‘आपल्यातलेच का?’ हा प्रश्न मी कितीदा ऐकलाय, चहाच्या कपाआडून, अगदी सहज. त्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं की खोलीतली हवा कशी बदलते तेही मला माहीत आहे. ऐकणाऱ्याला कुशीत घेणारा शब्द तोच, आणि कुंपण घालणाराही तोच. हे मी भाईंना सांगितलं. त्यांनी फार वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाले, “पोरांना मी दोन गोल काढून दाखवतो ना, ताई. गोल म्हटला की बाहेरचं आलंच.” थोड्या वेळानं, फळा पुसता पुसता, “पण मी गोल मोठा काढतो.”

त्यानंतर मी लेकीला ‘आम्ही’वरून टोकणं थांबवलं. ठरवून नाही. तोंडच उघडेना. तिनं ‘आम्ही’ म्हटलं की मला आत काहीतरी हलायचं आणि मी पोळी उलटायचे. मला आत घे असं तिला सांगणारी मी कोण, असंही वाटायचं. तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, तिची हसण्याची भाषा, यात खरोखरच मी नसते. कदाचित तिचं ‘आम्ही’ चुकलेलं नसेलच.

गेल्या रविवारी ओक ट्री रोडवरच्या दुकानातून केशर आंब्याच्या रसाचा डबा आणला. मुंबईत तेव्हा संध्याकाळ टळून गेलेली असते तरी बाबा जागे राहतात, आमच्या सकाळसाठी. लेकीनं फोन बेसिनच्या कडेला उभा केला, पुऱ्यांच्या तळणीचा धूर होता, छतावरचा धुराचा गजर वाजू नये म्हणून मी टॉवेल हलवत होते. तिकडं बाबा चष्मा कपाळावर ढकलून स्क्रीनच्या फार जवळ आलेले, नुसतं नाक आणि मिशी दिसत होती. आणि ती आपल्या नेहमीच्या घाईनं म्हणाली, “आजोबा, आज आपण आमरस केला!”

मी टॉवेल हलवायची थांबले. आठ हजार मैलांवर, जेवण आटोपून बसलेल्या माणसाला ती सांगत होती, आपण केला. इथं ‘आम्ही’ हवं होतं. माझ्या वर्गात मी त्याखाली लाल रेघ ओढली असती.

बाबा मागं सरले, आता त्यांचा पूर्ण चेहरा दिसला. “हो का?” ते म्हणाले. “किती आंबे लागले आपल्याला?”

“आंबे नाही. डबा,” ती म्हणाली. “एक डबा.”

“पुरला का सगळ्यांना?”

तिनं भांड्यात वाकून बघितलं, चमचा तळाशी फिरवला. “थोडा उरलाय,” ती म्हणाली, आणि चमचा फोनसमोर धरला.